कस्तुरीच्या पाठीचं माप

९ नोव्हेंबर, रविवार
घोडीनं, कस्तुरीनं, तनूला पाडलं. सकाळी, ओढ्याच्या उतारावर. डावं मनगट मोडलंय. चिकोडीला जाऊन प्लास्टर घालून आणलं, सहा आठवडे. पोरगी रडली नाही, पण येताना वाटभर एकच, "आई, तिनं मुद्दाम न्हाय केलं." हे गाडी चालवत होते.

१० नोव्हेंबर
ह्यांनी ठरवलं. घोडी विकायची. सदलग्याच्या व्यापाऱ्याशी बोलणार म्हणाले.
दोन वर्षांपूर्वी तनूच्या हट्टापायी आणली. तेव्हा चार वर्षांची, सडपातळ, नुसते पाय पाय दिसायचे. गेल्या यात्रेत पालखीपुढं हीच चालली, वर आमची तनू. गावात पालखीपुढच्या घोड्यावर पोरगी बसलेली कुणी पाहिली नव्हती. पालखीपुढं घोडं आमच्या घरचं, हा मान सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या तरुणपणापासूनचा. आता आप्पा अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेले, सहा वर्षं घोड्यावर बसले नाहीत. ओट्यावर बसून म्हणाले, "घोडी बिघडली. माझा लाल्या कधी असा वागला न्हाय."
लाल्या म्हणजे त्यांचा घोडा. मी लग्न होऊन आले तेव्हा म्हातारा झाला होता. त्याच्याबद्दल घरात कुणी उलट बोलत नाही.

१४ नोव्हेंबर
घोडी बिघडलीय हे दाखवायला आज हे स्वतः तिच्यावर बसले. मी बांधावर उभी राहून बघत होते. सपाटीला चालते, पण पाय आखडून. मोकळं पाऊल टाकत नाही. ओढ्याच्या उताराला आली की उभी. टाच मारली तर मान खाली आणि मागचा भाग वर. हे कसेबसे उतरले. "बघितलंस?"
बघितलं. पण मी दुसरंच बघितलं. खोगीर उतरवल्यावर सगळी पाठ घामानं ओली. फक्त फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या हाडामागं, दोन्ही बाजूंना, तळहाताएवढी जागा कोरडी ठणठणीत. तिथं चार-पाच केसही पांढरे. घोडी तपकिरी, एकाच रंगाची. हे केस आधी नव्हते. बोट लावलं तर कातडी थरथरली.
ह्यांना दाखवलं. म्हणाले, "वाळलं असंल."
बावीस वर्षं ब्लाऊज शिवतेय मी. कापड कुठं काचतं ते अंगावर उमटतं. गिऱ्हाईक तोंडानं सांगतं, वहिनी, काखेत घट्ट होतंय. ही कशी सांगणार? हिनं ओढ्यावर सांगितलंच की.

१६ नोव्हेंबर
माझ्या डोक्यानं उपाय केला. जुनी वाकळ चौघडी करून खोगिराखाली घातली, मऊ लागेल म्हणून. ह्यांना विनवून विनवून पोटाखालचा पट्टा, तंग, आवळायला लावला. तंग ओढला आणि कस्तुरी वळून ह्यांच्या खांद्याला चावली. शर्ट फाटला, दात उमटले. रक्त नाही आलं. आजवर कुणाला चावलेली नाही ती.
माझ्यासमोर उभं राहून व्यापाऱ्याला फोन लावला. २९ ला येणार.


१७ नोव्हेंबर
सकाळी मशीनवर. शेजारची सुशी तिचं ब्लाऊज घेऊन आली. दंडाला घट्ट होतंय, आतून मऊ अस्तर लाव म्हणे. मी हसले. म्हटलं, "अगं, आधीच घट्ट, त्यात अस्तर घातलं तर आणखीच आवळंल. कापड सोडायला पायजे, भरायला न्हाय." आणि बोलता बोलता हातातली कात्री थांबली.
काल मी नेमकं तेच केलं होतं. अरुंद खोगिरात वाकळ कोंबली होती.
सुशी विचारतेय, काय झालं वहिनी. मी उठून गोठ्यात. कस्तुरीच्या गळ्यात हात घालून उभी राहिले. चुकले म्हटलं तिला.

२० नोव्हेंबर
जनावरांच्या डॉक्टरबाई गल्लीत म्हशीला बघायला आल्या होत्या, त्यांना ओढून आणलं. तरुण आहेत, बोलतात कमी. बोटांनी पाठीवरून दाबत गेल्या, मानेपासून कमरेपर्यंत. त्या दोन जागांवर दाबलं तशी कस्तुरीनं पाठ खाली झुकवली, कान मागं पाडले.
"खोगीर कुठाय?" आणलं. ठेवून बघितलं. पुढची लाकडी कमान बरोब्बर त्या दोन जागांवर चिमट्यासारखी बसते, म्हणून तिथं घामही फुटत नाही.
म्हणाल्या, "पाय पुढं टाकताना फऱ्याचं हाड मागं सरकतं. घोडी अंगानं भरलीय, इथं सरकायला जागाच नाही. उतारावर माणसाचा सगळा भार पुढं येतो, तेव्हा तर कळच जात असेल. घोडी बिघडलेली नाही. दुखतंय तिला."
मी ह्यांच्याकडं बघितलं. हे डॉक्टरबाईंच्या बुटांकडं बघत होते.
सहा आठवडे पाठीवर काही घालायचं नाही. आणि हे खोगीर तर नाहीच. तनूला प्लास्टर सहा आठवडे, घोडीला विश्रांती सहा आठवडे. तनू म्हणाली, "माझ्यामागोमाग हिचं सुटणार."

२१ नोव्हेंबर
आप्पांना सांगणं माझ्या वाट्याला आलं. ते खोगीर त्यांनी स्वतः केलेलं. कमान बाभळीची, हातानं तासलेली. चातुर्मासात बसून, दोन महिने. गावात सगळ्यांना माहीत आहे.
मी म्हटलं, "आप्पा, खोगीर हिला लागतंय."
"चाळीस वरसं बसलोय मी त्येच्यावर. लाल्याला लागलं न्हाय ते हिला लागतंय? ब्लाऊज शिवणारीनं मला खोगीर शिकवायचं?"
माझ्याशी वीस वर्षांत एवढ्या आवाजात कधी बोलले नव्हते. मी पदर सारखा केला आणि आत आले. ताट वाढलं तर जेवले नाहीत.

२३ नोव्हेंबर
 आप्पांनी खोगीर उचलून त्यांच्या खोलीतल्या खुंटीला टांगलं.
तनू आणि मी कस्तुरीचं माप घेतलं. टेपनं जमत नाही, पाठ काही सरळ नाही. मग मोटारीच्या पेटीतली जाड तांब्याची वायर आणली. मानेच्या मुळाशी जो उंचवटा त्याच्या मागं ती आडवी वाकवून बसवली, अंगासरशी. तशीच अलगद उचलून वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलनं आखली. मग वीतभर मागं दुसरी. मग तिसरी. तनू एका हातानं कागद धरत होती. तीन आकार. पुढचा घराच्या छपरासारखा, मागचा पालथ्या परातीसारखा.
मापाच्या वहीत आजवर बायकांची नावं. आज पान काढून वर लिहिलं, कस्तुरी.

२७ नोव्हेंबर
दोन दिवस ठेवलेलं वाक्य आज बोलले. आप्पांना चहा देताना. "खोगीर वाईट न्हाय, आप्पा. ते लाल्याचं हाय. त्याच्या मापाचं. लाल्या अंगानं अरुंद हुता का न्हाय?"
चहा घेतला. कप ठेवताना म्हणाले, "अरुंदच हुता. उंच आणि अरुंद." एवढंच. मला ते पुष्कळ झालं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
व्यापारी आला. पांढरा शर्ट, दोन फोन. कस्तुरीचे दात बघितले, पाय उचलून बघितले. "चावती म्हनं?" पाठीकडं बघून हसला, "खोड असलेलं जनावर. नेतो, पण लगीनवाल्यांस्नी देनार. वरातीत नाचवाय."
आप्पा ओट्यावर. काठी टेकून उठले. "कुठं नाचवनार?"
"वरातीत, आज्जा."
आप्पा ह्यांना म्हणाले, "इलास, यात्रा होऊ दे. मग काय ते कर."
बापाचा शब्द हे मोडत नाहीत. व्यापाऱ्याला यात्रेनंतर बघू म्हणाले. तो गेला. नाही म्हटलं नाही, बघू म्हटलं.

३० नोव्हेंबर
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.
सकाळी आप्पांनी स्वतः खुंटीवरचं खोगीर काढलं. म्हणाले पाणी पाजलेल्या वाफ्याकडं घोडी आणा. ऊस तुटलेला तुकडा, जमीन ओली, मऊ. तनूनं दोरी धरली. आधी मोकळ्या पाठीनं चालवली. मग आप्पा म्हणाले, "एकडाव खोगीर ठेव. माणूस न्हाय बसायचं. तंग हलकाच. लगेच काढू." दुसऱ्या ओळीनं चालवली, वीस पावलं. लगेच उतरवलं.
मग आप्पा खाली बसले. ज्या गुडघ्यांनी देवळात बसता येत नाही त्या गुडघ्यांनी चिखलात बसले. टापांचे ठसे बघत सरकत सरकत गेले. मोकळ्या पाठीची ओळ, पुढच्या टापेच्या ठशावर मागची टाप पडलेली, थोडी पुढंच. खोगिराची ओळ, मागची टाप मागंच राहिलेली, म्हणजे पाऊल आखूड. बोटांनी मोजलं. चार बोटं. दुसऱ्या ठिकाणी चार. तिसऱ्या ठिकाणी पाच.
 ह्यांनी हात दिला तर नको म्हणाले. काठीनं उठले, कस्तुरीपाशी गेले, त्या दोन जागांवर तळवा ठेवला. कातडी थरथरली. "आगं," म्हणाले, "आगं बाई." तिच्याशीच बोलत होते.
दुपारी मी मशीनवर. खोगीर आणून माझ्या पायापाशी ठेवलं.
"उसव," म्हणाले.

४ डिसेंबर
उसवलं. चामड्याची शिवण इतकी बारीक की ब्लेड लावताना हात कचरत होता. आप्पा समोर बसून होते. आतला कापूस दगड झालेला. गाठी, अक्षरशः बोरांएवढ्या, एक तर लिंबाएवढी. मध्येच गवत. आप्पांनी एक गाठ हातात घेऊन दाबली, खिशात टाकली.

११ डिसेंबर
वडगावला, माहेरी. आण्णा, माझा भाऊ, लूमवर होता. मागाच्या खडखडाटात ओरडून सांगितलं, जाड सुती कापड पाहिजे, ताणलं तरी न उसवणारं.
"काय शिवतीस?"
"घोडीचं खोगीर."
"आं?"
"घोडीचं!"
त्यानं लूम बंद केली. सगळा हॉल शांत. "परत सांग." सांगितलं. हसून हसून खाली बसला. वहिनी म्हणाल्या, "बाई, बाह्या लावायच्या का?" मग मात्र आण्णानं मागून दोन प्रकारचं कापड काढलं, ओढून बघितलं, दातांनी धागा तोडून बघितला. साडीचं गिऱ्हाईक असतं तसं मला समजावून सांगितलं कुठलं टिकेल. बाबा असते तर असंच केलं असतं.
येताना धनगराकडून धुतलेली लोकर. बसमध्ये पोत्यावरच बसून आले.

१६ डिसेंबर
बडिगेर आण्णा, गावचे सुतार, कागदावरचा आकार घेऊन बसले. आप्पा आणि ते. एक मराठीत बोलतो, दुसरा कानडीत, भांडण दोघांना समजतं. बडिगेरांचं म्हणणं जुनी कमान रुंद होत नाही, लाकूड चिरंल. नवीन करायची. आप्पा गप्प. मग म्हणाले, "नवीन कर. पण तासनार मी."
"कै नडुगतैत्री," बडिगेर म्हणाले. हात कापतात तुमचे.
"कापू दे."

२२ डिसेंबर
तनूचं प्लास्टर काल सुटलं. मनगट बारीक झालंय, केळीच्या दांड्यासारखं. व्यायाम सांगितलाय. पोरगी कस्तुरीला खरारा करते, तोच तिचा व्यायाम.
आप्पांची कमान झाली. दहा दिवसांचं काम सहा दिवसांत. कस्तुरीच्या पाठीवर नुसती ठेवून बघितली, खाली वर्तमानपत्राचा कागद सरकवून. दोन्ही बाजूंनी सारखा अडकतो, कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही. वर कण्याला तीन बोटं मोकळी. आप्पांनी बघितलं, मी बघितलं, बडिगेर आण्णांनी बघितलं. "बरोबर ऐत्री," बडिगेर म्हणाले.
मला रडू आलं. का ते माहीत नाही. कांद्याचं निमित्त सांगावं तर हातात कांदा नव्हता.

३ जानेवारी
दोन गाद्या शिवून झाल्या. मध्ये कण्यासाठी वाट. लोकर मूठमूठभर, पिंजून, कोपऱ्यापर्यंत. बोटं सुजलीत. चामड्याच्या दोन सुया मोडल्या.
पाठीवरचे पांढरे केस आहेत तसेच. डॉक्टरबाई म्हणाल्या ते आता राहणार. पण दाबलं तर कातडी हलत नाही.

६ जानेवारी
तनू बसली. मी पदर तोंडात धरून. दहा मिनिटं, नुसतं चालणं. उतरवल्यावर पाठ बघितली, डावी बाजू एकसारखी ओली. उजवीकडं रुपयाएवढी जागा कोरडी!
माझी चूक. उजव्या गादीत लोकर जास्त. हे म्हणाले, "एवढ्याशानं काय व्हतंय." मी म्हटलं, "तुमच्या बुटात एवढाच खडा घालते, चिकोडीपर्यंत चालून या."
आप्पा ओट्यावर हसले. खूप दिवसांनी.

९ जानेवारी
उसवून दोन मुठी काढल्या. परत शिवलं. आज बसली, वीस मिनिटं. उतरवलं.
सगळी पाठ ओली. एकसारखी. कुठं कोरडं नाही. ह्यांना हाक मारून बोलावलं, हात धरून दाखवलं. बघत राहिले. "व्हय," म्हणाले.
एवढंच. पण हे व्हय मी लिहून ठेवतेय.

१८ जानेवारी
ओल्या वाफ्यात परत चालवली, आता खोगीर आणि वर तनू. मागची टाप पुढच्या ठशाच्या पुढं, तीन बोटं. आप्पांनी खाली बसायचं ठरवलं होतं, मी बसू दिलं नाही. मी मोजलं.
आणि चाल! हिची चाल एवढी लांब आहे हे आम्हाला दोन वर्षांत माहीतच नव्हतं. मान खाली सोडून, अंग डोलवत. तनू म्हणते खाली पाणी वाहतंय असं वाटतं. दुडकीला तर तिच्या चेहऱ्यावरचं हसू जात नव्हतं.
ओढ्याचा उतार अजून बाकी. कुणी विषय काढत नाही.

२५ जानेवारी
मी कामाला शेजारच्या गल्लीत गेले होते. आले तर तनू ओढ्याकडून येतेय, पलीकडून. म्हणजे उतार उतरून, ओढा ओलांडून, परत. माझ्या पाठीमागं!
"थांबली का गं?"
"न्हाय. एकदा वास घेतला आणि उतरली."
रागवायचं होतं. जमलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
यात्रा.
कमिटीतल्या काहींनी गेल्या आठवड्यापर्यंत दुसऱ्या घोड्याचा विषय काढला होता. पोरीला पाडलेली घोडी, गर्दीत नको. आप्पा काठी टेकत गेले आणि म्हणाले, "जबाबदारी माझी." परत आल्यावर पाय सुजले होते.
दहाला पालखी उठली. हलगी आणि कैताळाचा दणका, भंडारा, माणूस माणसाला लागून. कस्तुरीच्या कपाळावर मोरपीस, वर तनू, डोक्याला भगवा फेटा. देवळापासून ओढ्यापर्यंतचा उतार हा गावात सगळ्यात मोठा. तिथं ह्यांनी लगाम धरायला हात पुढं केला, तनूनं मान हलवली, नको. घोडी उतरली. पायाखाली भंडारा, समोर हलगी, आणि ती आपली घरच्या अंगणात चालावी तशी. बायका तनूला ओवाळत होत्या. मी खोगिराकडं बघत होते. कुठं सरकत नाही, कुठं टोचत नाही. माझी शिवण उन्हात चमकत होती. दुसऱ्या कुणाला दिसली नसेल. मला दिसली.
आप्पांना चावडीपुढं खुर्ची टाकली होती. घोडी आली तेव्हा सगळे वर बघत होते, तनूकडं, फेट्याकडं. आप्पा खाली बघत होते. पाय. एक एक पाऊल. पालखी गेल्यावर शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाले, मला ऐकू येईल असं, "कमान माझी. शिवण सुनंची."
जेवायला रात्र झाली. भूक नव्हतीच.

५ फेब्रुवारी
पाठ तपासली. स्वच्छ. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, आता घोडी मोकळी चालते म्हणजे फऱ्यामागचं मांस भरेल, तीन महिन्यांनी माप परत घ्या. म्हणजे हे खोगीरही कायमचं नाही. आप्पांना सांगायला घाबरत होते. ते म्हणाले, "वायर जपून ठेव मग."

८ फेब्रुवारी, रविवार
व्यापाऱ्याचा फोन. यात्रेत होता म्हणे, घोडी बघितली. आता खोड वगैरे काही म्हणाला नाही. गुरुवारी येतो, आणि खोगिरासकट पाहिजे. दुसऱ्या घोड्यालाही तेच घालीन.
हे ओट्यावर, फोन स्पीकरवर. मी आत मशीनवर. माझा पाय मशीनच्या पायडलवर थांबला.
हे म्हणाले, "खोगीर दुसऱ्याला चालत न्हाय वो. माप असतंय त्येला. प्रत्येक घोड्याची पाठ येगळी. आवळ असलं तर फऱ्याला लागतंय, पाऊल आखूड पडतंय. वाकळ घालून भागत न्हाय, उलट आवळतंय."
जो माणूस वाळलं असंल म्हणाला होता तो!
पलीकडून, "कुणी केलं खोगीर? नाव सांगा."
"माझ्या मंडळींनी. मंगल नाव हाय. वडगावच्या इणकरांची लेक." मग थांबून, "आणि आमच्या आप्पांनी."
"बरं. मग घोडीचं काय?"
ह्यांनी वळून आत बघितलं. मी मान वर केली नाही. "सांगतो," म्हणाले आणि फोन ठेवला.
अजून मला काही सांगितलेलं नाही. तनू दोनदा दारापर्यंत येऊन परत गेली. आप्पा आज लवकर निजले, निदान डोळे मिटून आहेत. गुरुवारला चार दिवस.
संध्याकाळी तनू फिरवून आली तेव्हा घोडी हेच धरायला गेले. तंग सोडायच्या आधी तळवा खोगिराखाली घालून बघितला, डावीकडून, मग वळसा घालून उजवीकडून. दोन्ही बाजूंनी सारखाच जातोय ना म्हणून. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.